वावरातल्या कुत्र्याचं आधी ऐका, मग त्याला सांगा

बुलढाणा जिल्ह्यात राखणीचं कुत्रं सहसा विकत आणलेलं नसतं. गल्लीतल्या कुत्रीनं दिवाळीच्या मागेपुढे पिल्लं दिली, त्यातलं एक पोरांनी उचललं आणि ते वावरात नाहीतर कोठ्यात रुजलं. दोन वेळची भाकर टाकली की झालं, असा समज असतो. मग एक दिवस ते भाकर हुंगून बाजूला होतं, आणि दवाखान्यात नेल्यावर डॉक्टर विचारतात, "कधीपासून असं आहे?" या प्रश्नाचं उत्तर बहुतेकांकडे नसतं.

कुत्रं दुखणं लपवतं, पण पूर्ण लपवू शकत नाही. कान, शेपूट, चाल, नजर, खाण्याचा वेग यांतून ते सतत काहीतरी सांगत असतं. म्हणून या कृतीत शिकवण्याचा पहिला धडा माणसाला आहे आणि दुसरा कुत्र्याला.

लागणारं साहित्य

- रुंद कापडी पट्टा (मान आणि पट्टा यांत दोन बोटं सहज जावीत) आणि साधारण दोन मीटर दोरी
- पाण्यासाठी मातीची दोन पसरट, जड भांडी
- कुत्र्यासाठी वेगळा ठेवलेला डिजिटल थर्मामीटर
- बारीक टोकाचा चिमटा, झाकणाची छोटी बाटली, थोडं स्पिरिट
- अंथरायला धुता येईल अशी जुनी गोधडी
- बक्षिसासाठी उकडलेल्या अंड्याचे शेंगदाण्याएवढे तुकडे
- एक वही

१. पिल्लू वेळेवर आणा

आठ आठवडे पूर्ण होण्याआधी पिल्लाला आईपासून तोडू नका. चावा किती जोरात घ्यायचा आणि कुठे थांबायचं हे ते आई आणि भावंडांकडून शिकतं. ते लवकर तुटलं तर हा धडा राहून जातो आणि पुढे घरातल्या पोरांच्या हातावर ओरखडे दिसतात.

निवडताना पिल्लाजवळ उकिडवं बसा आणि हलकी टाळी वाजवा. जे दचकतं पण थोड्या वेळात सावरून हुंगायला येतं, ते राखणीला आणि घराला दोन्हीकडे चालतं. कोपऱ्यातून बाहेरच न येणारं पिल्लू फार वेळ मागतं. पोट ढोलासारखं आणि बरगड्या उघड्या असतील तर जंत आहेत असं धरून चाला.

२. जंत आणि लस यांच्या तारखा वहीत लिहा

- जंताचं औषध: दोन-तीन आठवड्यांच्या वयापासून, तीन महिन्यांचं होईपर्यंत दर पंधरवड्याला, मग सहा महिन्यांपर्यंत दरमहा, पुढे दर तीन महिन्यांनी. मात्रा वजनावर ठरते, म्हणून आधी वजन करा.
- डिस्टेंपर, पार्व्हो इत्यादींची एकत्रित लस: सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पहिली, मग डॉक्टर सांगतील त्या अंतरानं पुढच्या.
- रेबीजची लस: तीन महिन्यांच्या वयात, त्यानंतर बूस्टर, आणि मग दरवर्षी न चुकता.
- नसबंदी: साधारण सहा महिन्यांनंतर, डॉक्टरांच्या सल्ल्यानं. राखणीचा स्वभाव यानं जात नाही. भटकणं आणि माजावरची भांडणं मात्र कमी होतात.

गावठी कुत्र्याला लस कशाला, ते कणखरच असतं, असं म्हणणारे भेटतील. पार्व्होला हे माहीत नसतं. रक्ताची हगवण लागलेलं दोन महिन्यांचं पिल्लू एका-दोन दिवसांत हातचं जातं. डिस्टेंपरची लस देण्याचं कारण तर घरापुरतं नाही. २०१८ साली गीरच्या जंगलात सिंह दगावले तेव्हा त्यांच्यात कुत्र्यांना होणाऱ्या याच डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता. ज्ञानगंगा आणि अंबाबरवा या अभयारण्यांच्या कडेच्या गावांत कुत्र्याला दिलेली लस रानातल्या जनावरांच्याही उपयोगी पडते.

३. चौदा आठवड्यांच्या आत जग दाखवा

तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यादरम्यान पिल्लू जे शांतपणे पाहतं, त्याची त्याला पुढे सहसा भीती वाटत नाही. म्हणून ट्रॅक्टर, मळणीयंत्र, शेळ्या, कोंबड्या, रेनकोट घातलेला माणूस, काठी टेकत येणारी आजी, वरातीतला बँड हे सगळं त्याला दुरून दाखवा. ते पाहत असताना अंड्याचा तुकडा द्या. ते मागे सरलं तर ओढून पुढे नेऊ नका. अंतर वाढवा आणि उद्या पुन्हा दाखवा. लसी पूर्ण होईपर्यंत अनोळखी कुत्र्यांच्या घोळक्यात आणि उकिरड्यावर मात्र सोडू नका. कडेवर घेऊन फिरवा.

४. रोज दोन मिनिटं अंगावरून हात फिरवा

सकाळी भाकर देण्याआधी, रोज त्याच क्रमानं:

- डोळे आणि नाक: चिपडं, पाणी, पिवळेपणा.
- हिरड्या: बोटानं दाबा. पांढरी झालेली जागा दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. हिरड्या कायम फिकट असतील तर गोचीडतापाची किंवा जंतांची शंका घ्या.
- कान: आत वास, मळ, गोचीड. डोकं सारखं झटकत असेल तर कुसळ गेलेलं असू शकतं.
- बरगड्या: हाताला लागाव्यात, डोळ्यांना दिसू नयेत.
- पंजे: प्रत्येक दोन बोटांच्या मधे बघा.
- शेपटाखाली: हगवण, जंतांचे तांदळासारखे तुकडे.

कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, आपल्यापेक्षा जास्त. त्यामुळे 'अंग गरम लागतं' यावर ताप ठरवू नका. थर्मामीटरला थोडं खोबरेल लावून गुदद्वारात हलकेच ठेवा आणि आकडा वाचा. कुत्रं निरोगी असताना दोन-तीनदा मोजून वहीत लिहून ठेवा. झोपेतला श्वास मिनिटाला तीसच्या आत असतो, तोही एकदा मोजा. आपल्या कुत्र्याचं नेहमीचं काय ते ठाऊक असलं की बिघडलेलं त्याच दिवशी कळतं.

५. अंगाची भाषा वाचा

शेपूट हलली म्हणजे कुत्रं खूश, हा सगळ्यात महाग पडणारा गैरसमज. शेपूट वर ताठ आणि टोकाशी बारीक थरथरत असेल, अंग आखडलेलं असेल, तर ते कुत्रं 'पुढे येऊ नको' म्हणतंय. सैल अंग, कमरेपासून हलणारी शेपूट आणि किंचित उघडं तोंड म्हणजे मैत्री. पुढचे पाय जमिनीला आणि मागचा भाग वर म्हणजे खेळायचं आमंत्रण.

चावा अचानक आला असं लोक सांगतात. तो अचानक क्वचितच येतो. समजा कुत्रं भाकर खातंय आणि रांगतं मूल त्याच्याकडे निघालंय. आधी ते खायचं थांबून तोंड दुसरीकडे वळवेल. मग झोप नसताना जांभई देईल, नाक चाटेल. मूल आणखी जवळ आलं की डोकं ताटलीवरच ठेवून डोळे तिरपे करेल आणि डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसेल. मग अंग गोठेल, जबडा मिटेल. मग गुरगुर. आणि त्यानंतर दात. एवढ्या पायऱ्या कुत्र्यानं ओलांडल्या, आपण मात्र मोबाइल पाहत होतो. पहिल्याच पायरीला मूल उचला.

गुरगुरलं म्हणून कुत्र्याला मारू नका. मार खाल्लेलं कुत्रं गुरगुरणं सोडतं, चावणं सोडत नाही. इशारा तेवढा संपतो.

भुंकणंही वेगवेगळं ऐकू येतं. जाड, खालच्या सुरातलं, भराभर भुंकणं परक्यासाठी. बारीक आवाजात, थांबून थांबून भुंकणं बहुधा एकटेपणाचं. रात्री वावरात कुत्रं भुंकता भुंकता एकदम गप्प झालं आणि शेपूट पोटाखाली घेऊन माणसाच्या पायाशी आलं, तर बॅटरी न घेता काय आहे ते पाहायला जाऊ नका.

६. पाच शब्द शिकवा

नाव, 'ये', 'बस', 'थांब', 'सोड'. एवढ्यावर राखणीच्या कुत्र्याचं आयुष्य निघतं.

पहिली अट घरच्यांसाठी: एका कामाला एकच शब्द. आजी 'बैस' म्हणते, पोरगा 'सिट' म्हणतो, बाप 'खाली बस' म्हणून ओरडतो, आणि मग कुत्रं ऐकत नाही म्हणून सगळे मिळून त्याला बोल लावतात. शब्द ठरवून कोठ्याच्या दारावर खडूनं लिहा.

- नाव: आनंदी सुरात एकदा हाक मारा. बघितलं की लगेच तुकडा. रागवताना नाव घेऊ नका.
- ये: उकिडवं बसून, हात खाली ठेवून म्हणा. आलं की बक्षीस, कायम. शेळ्यांमागे पळून दहा मिनिटांनी परत आलेल्या कुत्र्याला मारलंत, तर ते पळण्याबद्दल नव्हे, येण्याबद्दल मार खातं आणि पुढच्या वेळी येत नाही.
- बस: तुकडा नाकासमोरून डोक्याच्या वर, मागे न्या. ढुंगण टेकलं की त्याच क्षणी शब्द आणि तुकडा.
- थांब: बसलेल्या कुत्र्याला तळहात दाखवा, एक पाऊल मागे जा, परत येऊन तुकडा द्या. अंतर हळूहळू वाढवा. कुंपणाच्या झटका मशीनच्या तारेजवळ आणि रस्त्याच्या कडेला हाच शब्द कुत्र्याला वाचवतो.
- सोड: तोंडातली वस्तू ओढू नका, जास्त चांगलं काहीतरी नाकाशी धरा आणि अदलाबदल करा.

शब्दासोबत हाताची खूण ठेवा. कोलकात्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत अनिंदिता भद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांवर काम केलं. कुणीही न शिकवलेली ही कुत्री माणसानं बोट दाखवलेल्या भांड्याकडे जातात, असं त्यांना दिसलं. आपलं गावठी पिल्लू त्याच कुळातलं आहे. एका वेळी पाच मिनिटं, दिवसातून दोनदा पुरे.

'हाड' हा शब्द घरच्या कुत्र्यासाठी वापरू नका. गावभर तो हाकलण्यासाठी आणि दगडासोबत येतो. घरातही तोच ऐकला तर घर आणि गल्ली यांत त्याला फरक उरत नाही. आणि पोरांना 'छू' म्हणून कुत्रं अंगावर सोडायचा खेळ खेळू देऊ नका.

७. भाकरीसोबत काहीतरी द्या

ज्वारीची भाकर कुत्र्याला पचते, पण नुसत्या भाकरीवर अंगात मांस भरत नाही. भाकर कुस्करून त्यात रोज अंडं, बिनहाडकाचं शिजवलेलं मटण-चिकन किंवा बिनतिखट वरण आणि दही आलटून पालटून द्या. दुधानं हगवण लागत असेल तर दूध बंद करून ताक द्या.

हे देऊ नका: कांदा-लसूण घातलेली भाजी, द्राक्षं आणि मनुका, चॉकलेट, शिजवलेली हाडं (ती टोकदार फुटतात आणि आतडं फाडतात). लग्नाच्या किंवा तेरवीच्या पंगतीतलं उरलेलं तेलकट अन्न बादलीभर ओतलं की दुसऱ्या दिवशी उलट्या ठरलेल्या.

८. उन्हाळ्यात दिनक्रम बदला

मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव या घाटाखालच्या भागात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडून बसतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकणं हाच त्याचा मुख्य उपाय.

- फिरवणं सूर्योदयाआधी आणि अंधार पडल्यावर. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद ठेवता आली नाही तर पंजेही भाजणार.
- पाण्याची दोन भांडी दोन वेगळ्या सावल्यांत. एक लवंडलं तरी दुसरं राहतं.
- पत्र्याखाली बांधू नका. कडुनिंबाखाली जमीन ओली करून द्या.

धापा थांबत नाहीत, लाळ घट्ट झाली, हिरड्या लालभडक, पाय लटपटतात: हा उष्माघात. सावलीत न्या, साधं पाणी पोट, काखा आणि पंजांवर ओता, वारा घाला. ओलं फडकं अंगावर झाकून ठेवू नका, उष्णता आत कोंडते. ताप १०३ पर्यंत उतरला की पाणी थांबवा आणि सावरल्यासारखं दिसलं तरी दवाखान्यात न्या.

९. पावसाळ्यापासून काढणीपर्यंत: गोचीड, फवारणी, साप

गोचीड काढताना चिमट्यानं कातडीलगत तोंडापाशी पकडा आणि सरळ, एकसारखा ताण देऊन वर ओढा. पिळू नका, बोटांनी चिरडू नका, रॉकेल किंवा जळकं ऑइल लावू नका. काढलेला गोचीड स्पिरिटच्या बाटलीत टाका. कुत्र्यावरच्या गोचिडाची मादी भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते. म्हणून अंथरूण उन्हात घाला आणि कोठ्याच्या फटी बुजवा. बैलांसाठी आणलेलं गोचिडाचं औषध किंवा इंजेक्शन अंदाजानं कुत्र्याला देऊ नका. मात्रा चुकली तर मेंदूवर परिणाम होतो.

कपाशी-सोयाबीनवर फवारणी असेल त्या दिवशी कुत्रं घरी बांधा. ते मालकामागून ओल्या पिकातून चालतं, मग पंजे चाटतं. औषध कालवलेल्या बादलीतलं पाणीही पितं. लाळ गळणं, थरथर, उलट्या, बाहुल्या टाचणीएवढ्या होणं ही विषबाधेची लक्षणं. हातमोजे घालून साबणानं अंग धुवा, मीठ-पाणी पाजून उलटी करवू नका, आणि औषधाचा डबा किंवा त्याचा फोटो सोबत घेऊन दवाखाना गाठा. कोणतं औषध होतं यावर उतारा ठरतो.

साप चावल्याची शंका आली तर चिरणं, आवळून बांधणं काही नको. कुत्र्याला चालवू नका, उचलून दवाखान्यात न्या.

१०. रात्री आडोशाला घ्या

बुलढाणा-खामगाव रस्त्यावरचा बोथा घाट ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला पट्टेदार वाघ २०१९ मध्ये इथवर चालत आला होता; बिबट्या तर इथलाच रहिवासी. गावालगतच्या बिबट्याला कुत्रं हे सोपं भक्ष्य असतं. साखळीनं बांधलेलं कुत्रं ना लढू शकतं ना पळू शकतं. अशा गावांत रात्री कुत्र्याला दार लागणाऱ्या कोठ्यात किंवा वरूनही जाळी असलेल्या पिंजऱ्यात ठेवा. आतूनही ते भुंकून जागं करतं, राखण तेवढी पुरे. दिवसाही आखूड साखळीला अडकवून ठेवू नका. तसं बांधलेलं कुत्रं चिडकं होतं.

११. चावलंच तर

घरचं असो वा बाहेरचं, दात किंवा ओरखडा लागला की जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून धुवा. हळद, चुना, मिरची, तेल काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. कातडीत दिली जाणारी लस साधारण पहिल्या डोसचा दिवस शून्य धरून, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी असते. रक्त आलेलं असेल तर जखमेत सीरमही लागतं. मधला डोस 'आता बरं आहे' म्हणून सोडू नका. चावलेल्या कुत्र्याला मारून टाकू नका. ओळखीचं असेल तर दहा दिवस दुरून लक्ष ठेवा. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणसावर इलाज जवळपास उरत नाही.

घरात मांजर असेल तर

मांजरीच्या बाबतीत तीन गोष्टी वेगळ्या. कुत्र्याचं गोचिडाचं औषध मांजरीला लावू नका. अशा अनेक औषधांतलं परमेथ्रिन तिला मारक ठरतं. तापाच्या पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा तिच्या जिवावर बेतते. बोलायचं असेल तर तिच्याकडे रोखून पाहू नका. डोळे हळूच मिटून उघडा. बऱ्याच मांजरी तसंच उत्तर देतात.

१२. दवाखान्यात नीट सांगा

गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा फोन आणि पशुसंवर्धन विभागाचा १९६२ हा टोल-फ्री क्रमांक दारावर त्या पाच शब्दांखालीच लिहून ठेवा. अवघड दुखणं असेल तर शेजारच्या अकोल्यात स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे. माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या आधी देऊन पाहू नका. त्यांतल्या अनेक कुत्र्याचं पोट आणि मूत्रपिंड बिघडवतात.

जाताना वही घ्या आणि या क्रमानं सांगा: शेवटचं नीट कधी खाल्लं, पाणी किती पितंय, लघवी आणि शी कशी, उलटी झाली असेल तर त्यात काय होतं, ताप किती, नेहमीचा किती, दोन दिवसांत फवारणी, पंगत, गोचीड, भांडण यांतलं काय घडलं, शेवटची लस आणि जंताचं औषध कधी. डॉक्टरांपुढे कुत्र्याच्या वतीनं बोलायचं आहे, आणि रोजच्या दोन मिनिटांत पाहिलेलं असेल तेवढंच बोलता येतं. म्हणून पाहणी उद्यावर ढकलू नका. उद्याच्या भाकरीआधीच हिरडी दाबून बघा आणि वहीत पहिली तारीख टाका.